डाळिंबाच्या दाण्याइतके लाल

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मला विचार करावा लागत नाही. सांगलीच्या काकूंचे. आईवडिलांनी जन्म दिला, गावच्या शाळेने अक्षर दिले, कॉलेजने बी.कॉम.ची पदवी दिली. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. पण आज साताऱ्यात माझा स्वतःचा छोटा गाळा आहे, त्यात ऐरण आहे, आणि लोक चांदीचे काम घेऊन माझे नाव विचारत येतात, ते काकूंमुळे.

त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. तशी ताकीद आहे. "माझं नाव कुठं छापलंस तर सासूबाईंना पाठवीन तुझ्याकडे," असे त्या म्हणाल्या होत्या. सासूबाई म्हणजे त्यांचा सगळ्यात जड हातोडा.

काकूंच्या प्रत्येक हत्याराला सासरचे नाते होते. जाड कानस म्हणजे नणंद, कारण ती खरवडते. पकड म्हणजे थोरले दीर, कारण धरले की सोडत नाहीत. आणि एक अगदी लहान, गुळगुळीत दांड्याची हातोडी होती, ती धाकट्या जाऊबाई. तिला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. "आमच्या घरात गोड बोलणारं माणूस तेवढं एकच होतं," काकू म्हणत. खऱ्या सासूबाईंचा फोटो हत्यारे टांगलेल्या भिंतीवरच होता. पहिल्यांदा मी हातोड्याकडे आणि फोटोकडे आळीपाळीने बघून हसलो, तेव्हा काकू मान वर न करता म्हणाल्या, "हसू नकोस. त्यांनाही माहीत होतं."

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. काका चांदीचे कारागीर. ते गेले तेव्हा दुकान बंद होणार असे सगळ्यांनी धरून चालले होते. तेराव्याचे पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी काकांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट साडीवर चढवला आणि त्यांच्या जागी जाऊन बसल्या. मी त्यांना पाहिले ते त्याच वेषात. साडीवर पुरुषी शर्ट, चष्म्याला दोरा. नम्रपणा त्यांना ठाऊक नव्हता. चांदीचे दोन तुकडे जिथे जोडतात त्या सांध्याला डाग म्हणतात. काकू गिऱ्हाइकापुढे दागिना ठेवून म्हणत, "ह्यांचा डाग दिसायचा. माझा शोधून दाखवा." गिऱ्हाईक उजेडात धरून बघे, बोट फिरवून बघे. मग हरले की काकू खूश.

मी त्यांच्याकडे आईची मोडलेली जोडवी घेऊन गेलो होतो. शिरवळच्या एका कंपनीत हिशेबाचे कंत्राटी काम करत होतो, ते संपले होते. पुढची परीक्षा द्यायची की दुसरी कंपनी बघायची, एवढाच विचार डोक्यात होता. काकूंनी जोडव्याच्या फटीवर डाग द्यायच्या, लवकर वितळणाऱ्या चांदीचा बारीक तुकडा ठेवला, ज्योत फिरवली, आणि तो तुकडा एकदम वितळून फटीत पाण्यासारखा पळाला. फट नाहीशी झाली. मी कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो.

"जोडवी झाली. आता काय?" काकू म्हणाल्या.

"हे मला शिकवाल का?"

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"अरे वा! मग झाडायला लाग. पदवीधर कोपरे सोडत नाहीत. कोपऱ्यातच चांदी असते."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पदवीधर' झालो. त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही.

पहिला धडा करवतीचा. या करवतीचे पाते केसासारखे असते. हात जरा तिरका झाला की टक् करून तुटते. माझी पाती पत्रा कमी आणि धीर जास्त कापत. काकू तुटलेले पाते फेकू देत नसत. पिवळ्या साबणाची एक वडी त्यांनी खिडकीत ठेवली होती, त्यात ते खोचायचे. थोड्याच दिवसांत त्या वडीचे साळिंदर झाले. गिऱ्हाईक विचारी, "हे काय हो?" काकू अभिमानाने सांगत, "आमच्या बी.कॉम.चं प्रगतिपुस्तक." मी लाजेने खाली बघे. पण मग एक आठवडा असा आला की साळिंदराला नवा काटा फुटला नाही. काकूंनी वडी उचलली, सगळी पाती काढली आणि त्याच साबणाने हात धुतले.

त्यांची दाद अशीच असे. चांगल्या कामावर शब्द नाही. वाईट कामाला मात्र एक ठरलेला शब्द होता: "छान." "छान. मोडीत घाल," एवढे म्हणून त्या वळत. काम खरोखर उतरले तर त्या फळीवरचा सोनेरी काठाचा कप काढून त्यात चहा देतात, असे समोरच्या पानवाल्याने मला सांगितले होते. तो कप काकांचा. "मी इथं पान लावायला लागल्यापासून तरी तो कप खाली आलेला बघितला नाही," असेही तो म्हणाला होता.

ठोकायला शिकवताना काकू समोर बसतच नसत. त्या आत भाजी चिरत आणि मी बाहेर पत्रा ठोके. आतून आवाज येई, "पडला! हातोडा पडला तुझा, मारला नाहीस." किंवा, "आता पत्रा कडक झालाय, ऐकू येत नाही का तुला? तापव." ठोकून ठोकून चांदी कडक होते आणि मग चिरते. ती तापवून पुन्हा मऊ करावी लागते. किती तापवायची, हाच सगळा प्रश्न. कमी तापवली तर मऊ होत नाही आणि जास्त तापवली तर डोळ्यांदेखत गोळा होऊन बसते.

"विझत आलेल्या निखाऱ्याचा रंग आला की थांब," काकू म्हणत. त्या खिडकी लावून अंधार करत, म्हणजे रंग नीट दिसावा. पण मला निखारा काही कळेना. तीन तुकडे माझ्या हातून वितळले. चौथ्या वेळी अंधारात पत्रा हळूहळू लालसर होऊ लागला आणि मला एकदम आमची बाग आठवली. आटपाडीच्या बाजूला आमचे गाव. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणारे आम्ही, आता माझ्या वडिलांनी, आप्पांनी, डाळिंब लावले आहे. पुरते पिकायच्या आधी फळ फोडले की दाणा आतून उजळल्यासारखा, पण फिकट लाल असतो. मी ज्योत मागे घेतली.

"का थांबलास?"

"डाळिंबाचा दाणा झाला काकू. अजून पिकलेला नाही तो."

काकूंनी चिमट्याने पत्रा उचलला, पाण्यात टाकला आणि हाताने वाकवून बघितला. कापडासारखा वाकला. "बरं," त्या म्हणाल्या. "तू आपला डाळिंबापर्यंत ने." पुढे त्या दुकानात येणाऱ्या इतर कारागिरांनाही तसेच सांगू लागल्या, आणि ते आपणच शोधून काढले असे सांगू लागल्या.

आप्पांना मात्र हे काही पटले नव्हते. ते मुळात कमी बोलतात. मी घरी गेलो की ते विचारत, "झाली का रं ठोकाठोकी?" एकदा जेवताना सरळच म्हणाले, "आपल्यात कोन सोनार झालाय? तुला शिकवला त्यो काय हातोडा मारायला? लोक हसत्यात." मग त्यांनी भिंतीतल्या देवळीकडे बोट केले.

आमच्या देवळीत देव नव्हता. त्याचे कारण सांगायला हवे. आमच्याकडे देव म्हणजे टाक. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली हातभर नव्हे, तळहाताएवढीही नव्हे अशी देवाची मूर्ती. भाऊ वेगळे झाले की जुना टाक थोरल्याकडे राहतो आणि धाकट्याने आपल्या घरासाठी नवा करून घ्यायचा. तो जुन्यासारखाच हवा, आणि भावकीसमोर जुन्याला टेकवून भेटवल्याशिवाय देव होत नाही. आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ आण्णा वेगळे झाले त्याला काही वर्षे झाली होती. आप्पांचा नवा टाक काही ना काही कारणाने राहून गेला होता. आई देवळीत सुपारी ठेवून पूजा करी आणि सणाला नैवेद्य घेऊन आण्णांच्या घरी जाई. तिने कधी तक्रार केली नाही, पण ताट झाकून रस्त्याने जाताना तिची मान खाली असे.

"तूच घडव," आप्पा म्हणाले. "भावकीनं तुज्या देवाला हात जोडलं तर तुझा धंदा खरा. मी पुन्ना काय बोलनार न्हाई. न्हाई जोडलं तर शिरवळला जायाचं."

मी हे काकूंना सांगितले. वाटले, त्या म्हणतील अजून तुझा हात तयार नाही. त्या म्हणाल्या, "जुना टाक आण."

जुना टाक आणला तो आण्णांनी स्वतः. देव दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या फडक्यात बांधून, छातीशी धरून, एसटीने सांगलीला आले. काकूंना त्या शर्टात बघून ते दारातच थबकले.

"सोनार कुठं हाय?"

"बघताय की," काकू म्हणाल्या. "आत या. देव उन्हात उभा केलाय तुम्ही."

आण्णांनी फडके सोडले. मी तो टाक लहानपणापासून पाहत होतो, पण हातात घेऊन असा कधीच पाहिला नव्हता. राखेने आणि चिंचेने पिढ्यान्‌पिढ्या घासून देव पार सपाट झाला होता. घोडा आहे एवढे कळे. वर बसलेला बिरोबा म्हणजे नुसता एक गुळगुळीत उंचवटा.

"देवाला तोंडच न्हाई ऱ्हायलं," आण्णा म्हणाले. "ह्यो काय बघून घडवनार? म्या आदीच सांगितलं व्हतं आमच्या भावाला. पोराचा हट्ट हाय."

आण्णा बरोबर बोलत होते. पण काकूंनी टाक शांतपणे उलटा केला. मागे तांब्याचा पातळ पत्रा, चांदीची कड त्यावर वळवून बसवलेली.

"पदवीधर, टाक कुठून ठोकतात?"

"मागून."

"आत काय भरतात?"

"लाख. देव दबू नये म्हणून."

"आण्णा, तुम्ही लोकांनी देवाला पुढून घासलंत. मागून कुणी घासलंय?"

आण्णांना काही कळले नाही. मला कळले. ठोकताना जे पुढे उंच येते ते मागे तेवढेच खोल असते. ती खोली लाखेखाली झाकलेली, कुणाचाही हात न लागलेली, तशीच असणार.

"म्हंजी फोडनार?" आण्णा उठलेच. "देव फोडनार?"

"फोडत नाही हो. झाकण काढतो."

"आन् फाटला तर?"

"तर तुमच्या पुतण्याला धरा," काकू म्हणाल्या. "तापवणार तो आहे."

हे त्यांनी मला आधी सांगितले नव्हते. मी त्यांच्याकडे बघितले. त्यांनी ज्योत माझ्या हातात दिली, स्वतः आत गेल्या आणि आतून भाजी चिरल्याचा आवाज येऊ लागला. आण्णा माझ्या खांद्याशी उभे. त्यांचा श्वास मानेवर लागत होता.

जुनी चांदी घासून कागदासारखी झालेली. लाख जास्त तापून उकळली असती तर पत्रा फुगून फाटला असता. इथे डाळिंबाच्या रंगापर्यंत जायचे नव्हते. त्याच्या कितीतरी अलीकडे, रंग यायच्या आत थांबायचे होते, म्हणजे डोळ्यांचा उपयोगच नव्हता. मी ज्योत लांब धरून फिरवत राहिलो. लाखेचा पहिला वास आला आणि आतला सुरीचा आवाज थांबला. मी ज्योत काढली. बोथट पोलादी कलमाने कड उचलली. ती न चिरता उघडली. तांब्याचे झाकण सुटले, मऊ झालेली लाख एका तुकड्यात निघाली. उरलेली मी स्पिरिटने पुसली आणि टाक दाराच्या तिरप्या उजेडात धरला.

पागोट्याची प्रत्येक घडी होती. घोड्याच्या आयाळीचे केस होते. तलवारीची मूठ होती. पायाशी एक कुत्रा होता, ज्याची आमच्या घरात कुणाला कल्पनाही नव्हती.

आण्णांनी टाक दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांजवळ नेला. मग एवढेच बोलले, "मिशा हायत की रं देवाला."

आणि डोळे पुसून काकूंना म्हणाले, "आवं बाई, च्या मिळंल का?"

ते दोन दिवस नात्यातल्या घरी मुक्कामाला राहिले आणि रोज टाक घेऊन दुकानात येऊन बसले. मी चित्र उतरवून घेतले, मग लाख भरून, झाकण बसवून, कड पुन्हा वळवून त्यांचा देव त्यांना परत दिला.

आता माझी हुशारी सांगतो. मागून दिसतो तो देव उलटा, म्हणून मी चित्र आरशात धरून सुलटे करून घेतले. मग तांब्याच्या पत्र्यावर सराव म्हणून, मागच्या बाजूने, मन लावून ठोकले. काकू रोज बघून जात होत्या, काही बोलत नव्हत्या. काम संपले तेव्हा पत्रा पालटून पुढून बघितला आणि त्या म्हणाल्या, "छान. डावखुरा आहे का रे तुमचा देव?"

तलवार डाव्या हातात होती. मागून ठोकलेले पुढे आपोआप उलटते. जुन्याची मागची बाजू होती तशीच उतरवली असती तर सगळे बरोबर आले असते. मीच मध्ये आरसा आणून घोळ केला होता. काकू इतक्या हसल्या की चष्मा दोऱ्यावर लोंबकळू लागला.

"तुमचीही अशी चूक झाली होती का कधी?" मी आशेने विचारले.

"माझी? छे! ह्यांची झाली होती. गिऱ्हाईक तसाच घेऊन गेलं. त्या घरात देव अजून डाव्या हाताने आशीर्वाद देतो, आणि बरं चाललंय त्यांचं."

मग चांदी घेतली. तापवून मऊ केलेल्या राळेच्या थरावर पत्रा बसवायचा, मागून उठाव द्यायचा, काढायचा, तापवायचा, पुन्हा बसवायचा. दर वेळी खिडकी लावून डाळिंबाच्या दाण्याची वाट बघायची. घोडा झाला, कुत्रा झाला. तोंड राहिले. माझा हात त्याच्याजवळ गेला की थांबे. एका दुपारी काकूंनी खुंटीवरून धाकट्या जाऊबाई काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"तोंड त्यांच्याशिवाय होत नाही. ओरडू नकोस त्यांच्यावर."

मी दुपारभर ठोकत होतो. आतून एकदाही आवाज आला नाही. "पडला" नाही, "तापव" नाही. शेवटची मिशी उठली, मी हातोडी खाली ठेवली आणि मागे वळलो, तर काकू दारात उभ्या होत्या. हातात चहा होता. सोनेरी काठाच्या कपात. समोरचा पानवाला गिऱ्हाईक सोडून उभा राहून बघत होता.

काकू गावी आल्या नाहीत. सांगलीची हद्द ओलांडली की आपल्याला ताप भरतो, अशी त्यांची खात्री आहे. फोनवरही त्या बोलत नाहीत. "फोनवर माणूस घाईने खरं बोलतं," म्हणतात. "सावकाश लिहून कळव." मी कळवले. पाकिटात घालण्याआधी पत्राचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला होता. तेच पत्र खाली देतो.

*

ती. काकूंना नमस्कार.

तुम्ही म्हणालात म्हणून सावकाश लिहीत आहे, पण हात थांबत नाही.

रविवारी आमच्या अंगणात भावकी जमली. आण्णांनी जुना टाक पाटावर ठेवला, मी नवा त्याच्यासमोर ठेवला. आमच्यातले एक चुलते आधीच म्हणत होते, "धनगराच्या पोरानं घडवलाय म्हनं. सोनाराचा हात न्हाई लागला त्याला, आमी कसं मानायचं?" आप्पा खाली बघत होते. आई दाराआड होती.

मग आण्णा उठले. ते म्हणाले, "ज्याला शंका हाय त्यानं आदी माझ्याशी बोलावं. म्या देवाचं खरं तोंड बघितलंय. ह्या दोन डोळ्यांनी बघितलंय. ह्येच हाय." आणि काकू, त्यांनी स्वतःच्या हाताने नवा टाक उचलून जुन्याला भेटवला, भंडारा उधळला आणि सर्वांत आधी हात जोडले. थोरल्याने जोडले म्हटल्यावर सगळ्यांनी जोडले. शंका घेणाऱ्या चुलत्यांनीही जोडले, आणि नंतर मला बाजूला घेऊन विचारले की त्यांच्या देवाचे तोंडसुद्धा असेच मागे सापडेल का. आण्णांना तर त्यांचा टाकही नवा करून हवा आहे. म्हणतात, "मला बी मिशा दिसल्या पायजेत."

आईने देवळीतली सुपारी काढली आणि देव ठेवला. नैवेद्याचे ताट या वेळी झाकले नाही. घरातल्या घरात तर न्यायचे होते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. जेवणाच्या पंगतीत विट्याकडचे एक पाहुणे होते, ते उशिरा आलेले, त्यांना काही माहीत नव्हते. देवळीकडे बघून ते आप्पांना म्हणाले, "लय बेस टाक हाय. कुनाकडनं केला?"

आप्पा म्हणाले, "सांगलीच्या सोनाराकडनं."

मला क्षणभर वाईट वाटले. वाटले, अजूनही यांना लाज वाटते.

पाहुणे म्हणाले, "नाव सांगा की. आमाला बी करायचाय."

आप्पांनी घास खाली ठेवला आणि पंगतीच्या टोकाला बोट केले. "त्यो काय. पानी वाढतोय त्यो."

काकू, माझ्या हातातली कळशी चुलत्यांच्या ताटात सांडली.

धाकट्या जाऊबाई सुखरूप आहेत. त्यांना घेऊन गुरुवारी येतो. तुम्ही हे पत्र वाचून 'छान' तेवढे म्हणू नका. आणि सोनेरी काठाचा कप फळीवरून उतरवून ठेवा. या वेळी चहा मी करतो, त्यातून तुम्ही प्यायचा.

तुमचा,
पदवीधर